कुठवर वाळलंय ते सांगा

डॉक्टरांच्या खोलीत शिरताना मी 'गुड मॉर्निंग, डॉक्टर' म्हणाले, आणि तिथूनच गोष्ट वाकडी गेली.

माझ्यासोबत आत्या होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण, पेणला राहते. ती खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि पिशवीतून वर आलेली फाईलची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. माझं इंग्रजी ऐकून त्यांनी मान माझ्याकडे वळवली आणि पुढची वीस मिनिटं त्या माझ्याशीच बोलल्या, इंग्रजीत. त्यांना मराठी येत नसेल असं मी गृहीत धरलं. खरं सांगायचं तर तसं गृहीत धरणं माझ्या सोयीचं होतं. मी रोह्याला इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. अनोळखी माणसाशी बोलायची वेळ आली की मराठी माझ्या घशात अडकतं. मराठीत समोरच्याला काय म्हणायचं, किती मान द्यायचा, किती जवळ जायचं, हे सगळं पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. इंग्रजीत सगळे 'यू'. इंग्रजी बोलणं म्हणजे माझ्यासाठी दाराआड उभं राहून बोलण्यासारखं आहे.

आत्याला अंडाशयाचा कॅन्सर झाला त्याला दोन वर्षं झाली होती. ऑपरेशन झालं, केमो झाली, गेलेले केस परत आले ते कुरळे आले. 'पार्लरची पायरी न चढता,' असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. मग यंदाच्या उन्हाळ्यात पोट फुगायला लागलं, तपासण्या झाल्या आणि आजार परत आल्याचं कळलं. आधीची औषधं आता पहिल्यासारखी लागू पडणार नव्हती. म्हणून पनवेलच्या पुढच्या या हॉस्पिटलात एका नव्या औषधाबद्दल बोलायला आम्हाला बोलावलं होतं. घरात एवढं इंग्रजी समजणारी मी एकटी, त्यात एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. बाबांची फर्स्ट शिफ्ट होती. 'तू नीट विचार,' ते आदल्या दिवशी म्हणाले होते, 'आणि तिला नीट सांग.'

मी नीट विचारलं. डॉक्टरांनीही नीट सांगितलं, हे मला मान्य करायलाच हवं. औषध नवीन आहे. काही बायकांच्या गाठी त्यानं लहान होतात, सगळ्यांच्या होत नाहीत. गाठी लहान होताना दिसल्या म्हणून त्याला लवकर परवानगी मिळाली आहे. पण गाठ लहान झाल्यामुळे ती बाई जास्त दिवस जगते का, हे अजून कळलेलं नाही, त्याचा अभ्यास चालू आहे. 'वी डोन्ट नो यट,' असं त्या दोनदा म्हणाल्या. पुढे डोळ्यांचं निघालं. या औषधानं नजर अंधूक होऊ शकते. सतत थेंब घालावे लागतील, प्रत्येक डोसआधी डोळे तपासावे लागतील. नजर पुन्हा येते, मोस्टली. त्या 'मोस्टली'च्या आधी त्या थोडं थांबल्या. मग त्यांनी विचारलं, आत्या काय करते?

'शी वर्क्स विथ गणपती आयडल्स,' मी म्हणाले. त्यांनी लिहून घेतलं. तिथे ती नेमकं काय करते ते मी सांगितलं नाही आणि त्यांनीही पुढे विचारलं नाही.

आत्या ब्रशनं मूर्तींचे डोळे काढते. गेली तीस-बत्तीस वर्षं पेणच्या एका कारखान्यात तेवढं एकच काम करते.

'काय म्हणतायत गो?' आत्यानं मला विचारलं.

'नवीन औषध आहे, आत्या. त्यानं गाठ लहान होते. डोळे जरा चुरचुरतील, त्याला थेंब देणार आहेत.'

तिनं माझ्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग परत माझ्याकडे. 'बरं,' म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्या हातात चार पानी माहितीपत्रक दिलं आणि सहीचा कागद दिला. वाचून, विचार करून, पुढच्या आठवड्यात सही करून आणा, असं सांगितलं. ते सगळं मी माझ्याच पर्समध्ये ठेवलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. पनवेल मागे पडलं तसं म्हणाली, 'इंग्रजी लय लांब असतं काय गो?'

'म्हणजे?'

'त्या बाई केवढा वेळ बोलत होत्या. तू सांगितलंस तेवढं तर एका दमात संपलं.'

'इंग्रजीत तेच तेच परत सांगतात,' मी म्हणाले.

'व्हय काय,' ती म्हणाली, आणि खिडकीकडे वळली.

मला कुणी लपवायला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात आजारी माणसाशी बोलायची एक रीत आहे, ती मी लहानपणापासून ऐकत आलेय. 'होईल बरं', 'काय नाय होत', 'डॉक्टर बोलले सगळं ठीक हाय'. ती माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडली. आणि मी दिवसभर काय काम करते, तर लॅबमध्ये आकडे लिहिते. तिथे कुठलाही आकडा एकटा लिहायचा नसतो. तो किती कमी-जास्त असू शकतो, ते शेजारी लिहिल्याशिवाय रिपोर्टवर साहेबांची सही होत नाही. एका ड्रममधल्या रसायनाबद्दल मी जेवढी काळजी घेते तेवढी आत्याबद्दल घेतली नाही, हे मला त्या दिवशी सुचलंसुद्धा नाही. सुचलं ते शनिवारी.

शनिवारी मी सहीचा कागद घेऊन पेणला गेले. गडब गावाच्या आसपास दोन्ही बाजूंना भाताची लावणी चालू होती. एसटीत मी माहितीपत्रक पहिल्यांदा पूर्ण वाचलं. डॉक्टर बोलल्या होत्या तेच त्यात होतं, फक्त तिथे कुणी थांबून श्वास घेत नव्हतं. मी मनाशी ठरवलं की सही तेवढी घ्यायची, बाकी कशाला.

आत्या कारखान्यात होती. पेणमध्ये मूर्ती घडवायच्या जागेला कारखानाच म्हणतात, मग ती पत्र्याची शेड का असेना. लहानपणी सुट्टीत मी तिथे कितीदा गेलेय. पण तिथल्या बायका काय ग, कशी आहेस विचारायच्या आणि मी खाली बघायचे, त्यामुळे मला आठवते ती तिथली जमीन. त्या दिवशी मी वर बघितलं. फळ्यांवर, जमिनीवर, माळ्यावर मूर्ती होत्या. अंग रंगवलेल्या, पितांबर नेसवलेल्या, दागिने सोनेरी केलेल्या. आणि सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. एवढ्या चेहऱ्यांमध्ये उभी होते आणि माझ्याकडे कुणीही बघत नव्हतं. मला असं बरं वाटतं एरवी. तिथे वाटलं नाही.

आत्या मागच्या बाजूला, दाराच्या उजेडात बसली होती. मूर्ती फिरत्या पाटावर. आत्यानं आपलं स्टूल वरखाली करून स्वतःचे डोळे आणि मूर्तीचे डोळे एका पातळीवर आणले. उभं राहून ती कधीच काढत नाही. मग ब्रश रंगात बुडवून टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवलं. तिचं ते नख सगळा हंगाम काळं असतं. जवळून बघितलं तर त्यावर केसाएवढ्या रेघाच रेघा दिसतात. ब्रशचं टोक जमलंय का ते ती आधी नखावर बघते.

मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. रेडिओ चालू होता, पलीकडे बायका शेंदरी रंगावरून एकमेकींची टर उडवत होत्या. पण तिच्या मागच्या वाटेनं कुणी जात नव्हतं. तिनं श्वास आत घेतला आणि वरच्या पापणीची रेघ एका हालचालीत ओढली. कोपऱ्यात बारीक, मध्ये भरत गेलेली, शेवटी परत बारीक. मग श्वास सोडला. मग बुबुळ, त्यात काळं, आणि सगळ्यात शेवटी काळ्यात एक पांढरा ठिपका, मोहरीहून लहान. दुसरा डोळाही तसाच. त्या दुसऱ्या ठिपक्यानंतर मूर्तीनं माझ्याकडे बघितलं. मी जरा बाजूला सरकले, तरी बघतच राहिली. माझ्या अंगावर काटा आला. देवधर्माचं मी फारसं करत नाही, तरीही आला. या हाताला मी 'डोळे जरा चुरचुरतील' असं सांगितलं होतं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पन्नाशीतले गृहस्थ, हातात छत्री, दरवर्षीचे असावेत.

'काय काकी, झाला काय आमचा?'

त्यांची मूर्ती शाडूची होती. आत्या उठली, फळीपाशी गेली आणि तळहात उलटा करून हाताची मागची बाजू मूर्तीच्या पाठीला लावली, मग दंडाला, मग पोटाला. पोटाला जरा वेळ लावून ठेवली.

'पाठ वाळली हाय. हात वाळलेत. पोट थंड लागतंय, आत ओल हाय.'

'मग न्यायला कधी येऊ?'

'पाठीचं विचारा, सांगते. पोटाचं मला नाय माहीत.'

'अंदाज तरी द्या.'

'अंदाज दिला की तुमी त्याची तारीख करता.'

'एवढी वर्षं करताय, तरी माहीत नाय म्हणता?'

'एवढी वर्षं करते म्हणून म्हणते,' आत्या म्हणाली. 'नवीन असते तर सांगितली असती तारीख.'

गृहस्थ हसले. 'चिठ्ठी तरी लावून ठेवा नावाची.'

'वाळल्याशिवाय चिठ्ठी नाय. ठाव हाय ना तुमाला?'

ठाऊक होतं त्यांना. त्या कारखान्याची रीतच तशी आहे. शाडूची मूर्ती कितीही देखणी झाली तरी ती आतपर्यंत वाळल्याशिवाय तिच्यावर गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लागत नाही. एका वर्षी घाईत ओल्या मूर्तीला चिठ्ठी लावली, त्या घरानं मखर त्या मापाचं बनवलं, आणि रंग दिल्यावर मूर्तीला सोंडेपासून पोटापर्यंत तडा गेला. तेव्हापासून मूर्ती वाळलीय की नाही हे मालक आत्यालाच विचारतात. ती हाताच्या मागच्या बाजूनं बघते आणि जेवढं वाळलंय तेवढंच सांगते. गृहस्थ जाताना रागावलेले नव्हते. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले. आपल्याला काय कळलंय आणि काय कळायचं बाकी आहे, ते त्यांना स्वच्छ माहीत होतं, आणि तेवढ्यावर ते छत्री उघडून निघाले.

माझ्या पर्समधला कागद मला जड झाला.

चहाच्या वेळेला ती मागच्या नळावर ब्रश धूत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले. वाक्य इंग्रजीत तयार होतं, मराठीत जुळवायला वेळ लागला.

'आत्या, त्या दिवशी मी तुला सगळं नाही सांगितलं.'

'ठाव हाय मला.'

'कसं?'

'तुझा चेहरा तुझ्या बापासारखा हाय. कायतरी दडवलं की दोघंही जमिनीकडे बघता.' तिनं नळ बंद केला. 'बोल.'

मी बोलले. औषधानं गाठ काही जणींचीच लहान होते. त्यामुळे जास्त जगता येतं का, ते कुणालाच अजून माहीत नाही. ती ब्रशचं टोक बोटांनी जुळवत राहिली.

'आणि डोळ्यांचं?'

'अंधूक होऊ शकतात.'

'चुरचुरतील म्हणालीस.'

'हो.'

'किती अंधूक?'

'कमी-जास्त. परत येते नजर. बहुतेकांची.'

'बहुतेकांची,' ती म्हणाली. तिनं अंगठ्याच्या नखाकडे बघितलं. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, 'ओली मूर्ती वाळली म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात दिली असती ना मी, तर मालकानं दुसऱ्या दिवशी मला यायला नको सांगितलं असतं.'

मला रडू यायला लागलं. ते तिला दिसू नये म्हणून मी नळाकडे वळले.

'चा पी,' ती म्हणाली. 'आणि पुढच्या टायमाला तू बोलू नको. मी बोलते.'

'त्यांना मराठी येत नाही, आत्या.'

'तुला कोण बोललं?'

मला कुणीच बोललं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही परत गेलो. दारातून आत जाताना मी मुद्दाम आत्याच्या मागे राहिले आणि तोंड बंद ठेवलं. आत्या खुर्चीत बसली, या वेळी पिशवी तिनं खाली ठेवली.

'डॉक्टर, तुमाला मराठी येतं?'

'येतं की,' डॉक्टर म्हणाल्या. 'मी साताऱ्याची आहे.'

'मग त्या दिवशी का नाय बोललात?'

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं.

'चुकलं माझं,' त्या म्हणाल्या. 'ह्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, मी तशीच वाहवत गेले. तुम्हाला विचारायला हवं होतं.'

'ती लाजाळू हाय,' आत्या म्हणाली. 'तिला राहू दे. मी मूर्तीचे डोळे काढते. ते तिनं सांगितलं नाय ना तुमाला?'

डॉक्टरांच्या हातातलं पेन टेबलावर आलं. 'नाही,' त्या म्हणाल्या.

मग आत्यानं त्यांना शाडूबद्दल सांगितलं. पाठ आधी वाळते, हात लवकर वाळतात, पोट शेवटी. बाहेरून सगळी सारखीच पांढरी दिसते. हात लावल्याशिवाय आतली ओल कळत नाही, आणि ओल असताना रंग दिला तर तडा जातो. 'तसं तुमच्या औषधाचं मला सांगा,' ती म्हणाली. 'कुठवर वाळलंय ते सांगा. जे ओलं हाय ते ओलं म्हणा. मी घाबरत नाय त्याला.'

बाहेर नंबर पुकारला जात होता, तरी डॉक्टरांनी वेळ घेतला. मला वाटतं त्या मनातल्या मनात खरंच हात लावून बघत होत्या.

'औषध काही बायकांच्या गाठी लहान करतं, हे वाळलेलं आहे,' त्या म्हणाल्या. 'ते मी स्वतः बघितलंय. तुमची होईल का, हे ओलं. दोन-तीन डोसनंतर स्कॅन केला की कळेल, त्याआधी नाही.'

'बरं.'

'डोळ्यांना त्रास होतो, हे वाळलेलं. पुष्कळ जणींना होतो. औषध थांबवलं किंवा कमी केलं की बहुतेकींची नजर परत येते, हे बऱ्यापैकी वाळलंय, पण पूर्ण नाही. तुम्ही जे काम करता त्याला लागते तेवढी बारीक नजर परत येते का...' त्या थांबल्या. 'असं काम करणाऱ्या कुणाला मी हे औषध दिलेलं नाही. ते मला माहीत नाही.'

'आणि जगायचं?'

'तुम्ही यानं जास्त जगाल का, ते सगळं ओलं आहे. मला माहीत नाही. मलाच असं नाही, अजून कुणालाच माहीत नाही.'

'वी डोन्ट नो यट' मी त्याच खोलीत दोनदा ऐकलं होतं आणि ते माझ्या कानावरून गेलं होतं, विमानातल्या सूचनेसारखं. 'मला माहीत नाही' हे एका डॉक्टरच्या तोंडून, मराठीत, एका बाईच्या तोंडाकडे बघून म्हटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला भीती वाटायला हवी होती. पण मला कारखान्यातला तो दुसरा ठिपका आठवला. तोवर आत्या आणि डॉक्टर समोरासमोर नुसत्या बसलेल्या होत्या, आणि त्या वाक्यानंतर त्या एकमेकींना बघत होत्या.

'मग देताय कशाला?' आत्यानं विचारलं. टोमणा नव्हता तो, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

'कारण आत्ता हातात असलेली दुसरी औषधं याहून कमी लागू पडतात असं मला वाटतं. वाटतं म्हणतेय. न घेणं हाही एक रस्ता आहे, त्यातही मी तुमच्यासोबत असेन. मी असते तर घेतलं असतं, बहुतेक. पण मी डोळे काढत नाही.'

आत्या हसली. त्या खोलीत ती पहिल्यांदा हसली.

'माझा हंगाम हाय,' ती म्हणाली. 'मी किती दिवस थांबू शकते?'

'थांबा असं मी म्हणणार नाही. पण तीन आठवड्यांनी फार बिघडेल असंही वाटत नाही.'

'हे वाळलेलं का ओलं?'

'दमट,' डॉक्टर म्हणाल्या.

'तीन आठवडे द्या मग मला,' आत्या म्हणाली. सही तिनं तेव्हाच केली, मराठीत. तिची सही मी त्याआधी कधी बघितली नव्हती. पापणीच्या रेघेसारखीच आहे, कोपऱ्यात बारीक होत जाणारी.

त्या तीन आठवड्यांत तिनं किती डोळे काढले ते कुणी मोजलं नाही. उजेड असेल तेवढा वेळ ती दाराशी बसायची, मध्येच पोट दुखलं की भिंतीला टेकायची आणि परत स्टूल ओढायची. मालकांनी तिच्याभोवती फक्त डोळ्यांचं काम उरलेल्या मूर्ती आणून ठेवल्या होत्या. तिच्या सुटीच्या काळात पुढच्यांचे डोळे काढायला दुसऱ्या एका बाईंना ती शिकवत होती आणि शिकवताना अजिबात गोड बोलत नव्हती. 'अगो, तो घाबरलाय. तो कशाला घाबरेल? पूस.' मी सुट्टीच्या दिवशी रोह्याहून यायचे आणि कोपऱ्यात बसून बघायचे. एवढंच. एखादं माणूस आपलं काम करताना बघत बसणं यात इतकं काही असतं हे मला माहीत नव्हतं.

तिच्यापुढच्या सगळ्या मूर्तींचे डोळे झाले, एक सोडून. तिच्या घरचा गणपती, वीतभर उंचीचा, शाडूचा, दरवर्षी ती स्वतः घडवते. तो तिनं तसाच घरी नेला.

'हा पण काढून टाक ना आत्ताच,' मी म्हणाले. 'औषध चालू व्हायच्या आधी.'

'नाय. हा औषधानंतर.'

'का पण?'

'हा बाहेर जायचा नाय. बिघडला तर माझ्याच घरात बिघडेल.' मग म्हणाली, 'मला बघायचं हाय.'

पहिल्या डोसनंतर फारसं काही झालं नाही. दुसऱ्यानंतर आठवड्याभरात तिला बल्बभोवती कडी दिसायला लागली. पेणच्या स्टँडवर उभी राहून तिनं मला समोरच्या एसटीची पाटी वाचायला सांगितली तेव्हा मला कळलं की तिला ती दिसत नाहीये. डॉक्टरांनी तिसरा डोस पुढे ढकलला, थेंब वाढवले. 'येईल परत,' माझ्या तोंडावर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, 'येईल का ते माहीत नाही, आत्या. बहुतेकींची येते.' ती 'हं' म्हणाली. मला वाटतं आम्हा दोघींनाही ते बोलणं हलकं वाटलं. दोघीही एकाच गोष्टीची वाट बघत होतो, कुणी कुणाला सांभाळत नव्हतं.

गणपतीला तीन दिवस उरले होते तेव्हा दुपारी तिनं पडवीत पाट मांडला. पाऊस उघडला होता. आदल्या दिवसापासून जरा स्वच्छ दिसतंय असं ती म्हणाली होती. जरा म्हणजे किती, ते मी विचारलं आणि तिनं 'बघू' म्हटलं. तिनं स्टूलऐवजी खाली बैठक मारली, मूर्ती उशीवर ठेवून आपल्या नजरेच्या पातळीला आणली, डोळ्यांत थेंब घातले आणि पापण्या मिटून थोडा वेळ बसली. मग ब्रश नखावर टेकवला. नख आता पांढरं होतं, औषध सुरू झाल्यापासून तिचं काम बंद होतं ना. त्याच्यावर एक रेघ उमटली. तिनं ती तोंडाजवळ नेऊन बघितली.

मी श्वास धरला होता. तिनं वरची रेघ ओढली. थांबली. बुबुळं भरली. पांढऱ्या ठिपक्याच्या वेळी ब्रश हवेत एवढा वेळ राहिला की मला वाटलं ती खाली ठेवेल. तिनं ठेवला नाही. एक ठिपका, दुसरा ठिपका. आणि मूर्तीनं आमच्याकडे बघितलं. ती आमच्याकडे बघत होती यात मला शंका नाही.

आत्या मागे सरली, मान तिरकी केली, परत सरळ केली. बराच वेळ बघत राहिली.

'डावा जरा खाली गेलाय,' ती म्हणाली.

मी वाकून बघितलं. जवळून बघितलं, लांबून बघितलं. 'मला तर दोन्ही सारखे दिसतायत.'

'तुला दिसणार नाय. कुणालाच दिसणार नाय.' ती ब्रश पाण्यात खळबळवायला लागली. 'मला दिसतंय ना. म्हणजे डोळे चालतायत.'

एवढ्या मोठ्या अंधारात या बाईनं स्वतःसाठी एक तपासणी शोधून काढली होती, आणि तिचा निकाल तिनं आपल्या चुकीत वाचला होता.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. शिफ्ट सुटली होती त्यांची. 'कशी आहे? बरी आहे ना?' ते म्हणाले. आमच्या घरात या प्रश्नाला 'हो' एवढंच उत्तर असतं.

'बाबा, डोळे चालतायत,' मी म्हणाले. 'आज तिनं घरच्या गणपतीचे डोळे काढले. पण पुढच्या डोसनंतर परत अंधूक होऊ शकतं. गाठ लहान झाली का ते अजून माहीत नाही, विसर्जनानंतर स्कॅन आहे तेव्हा कळेल. लहान झाली असली तरी त्यानं पुढे किती दिवस मिळतील ते डॉक्टरांनाही माहीत नाही. पोट परवापासून कमी दुखतंय. जेवली ती, भाकरी आणि आमटी.'

'बरं,' बाबा म्हणाले. 'तिला दे फोन.'

आत्यानं ओला हात पदराला पुसला. फोन घ्यायच्या आधी माझ्याकडे बघून म्हणाली, 'आता तुझं मराठी बरोबर लांब झालं.'